मुकी घंटा की लांब काठी?

या हाताचे त्या हाताला कळू देऊ नये, असे दानाच्या बाबतीत सांगितलेले आहे. माझ्या दोन हातांनी ते वचन सरसकट सगळ्याच बाबतीत लागू करून टाकले होते. बत्तीस वर्षे उजवा हात फळ्यावर लिहीत होता, हजेरीपट भरत होता, वेळप्रसंगी छडी उगारत होता. डावा हात त्या काळात बहुतेक पाठीमागे असे. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी या डाव्याने बंड केले. खांदा गोठला. केस विंचरायला निघालेला हात कानापर्यंत जाई आणि गाडी चुकलेल्या उतारूसारखा परत येई. शेकशेगडी, दोरी-कप्पी, भिंतीवर बोटांनी चढणे असे सगळे प्रकार झाले. आठ महिन्यांनी खांदा सुटला. पण हातात जीव म्हणून उरला नव्हता. अर्धी बादलीसुद्धा उजव्यानेच उचलायची, डाव्याने नुसते पाहायचे.

नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, "आता वजन उचलायला लागा."

आजवर मला भेटलेले सगळे डॉक्टर लोकांना वजन कमी करायला सांगत आले होते. वजन उचला म्हणणारे हे पहिलेच. त्यांनी समजावून सांगितले, की चाळिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू झिजत जातात, आणि जे वापरात नाहीत ते आधी झिजतात. म्हातारपणी माणूस पडतो, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असते. आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम मोठ्या माणसाने करावा, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. "डंबेल्स आणा, नाहीतर बारबेल आणा," एवढे बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या 'नाहीतर'ने माझे दोन महिने खाल्ले.

मी राहतो काठी या गावी. अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात. गावाचे नाव काठी, आणि माझी अंगकाठीही गावाच्या नावाला शोभेल अशीच. वजन उचलण्याचा विचार मी बोलून दाखवला तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्ही ते उचलणार, की ते तुम्हाला?" पुण्याचा मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, घ्यायचा तर बारबेलच घ्या. खरी ताकद बारबेलवरच येते. डंबेल्स म्हणजे पोराटोरांचा खेळ." चिरंजीव नाशिकहून म्हणाले, "बाबा, बारबेलच्या नादी लागू नका. डंबेल्स बरे." दोघेही माझ्या भल्याचेच बोलत होते, आणि दोघांपैकी एकानेही घरात दोन्हींतले काहीच ठेवलेले नव्हते.

मास्तर माणसाला दोन वस्तूंतून एक निवडायला सांगितली, की तो दुकानात जायच्या आधी इतिहासात जातो. मीही गेलो.

तर डंबेल म्हणजे मुळात मुकी घंटा. इंग्लंडात देवळांच्या मनोऱ्यातल्या घंटा दोर ओढून वाजवीत. त्या ओढण्याने अंगाला चांगला व्यायाम होतो हे ध्यानात आल्यावर तसाच दोर ओढायचे एक साधन निघाले. फक्त आवाज तेवढा नाही. १७११ साली जोसेफ अ‍ॅडिसन याने 'स्पेक्टेटर'मध्ये लिहिले आहे, की आपण रोज सकाळी खोलीच्या कोपऱ्यातल्या अशा मुक्या घंटेवर तासभर व्यायाम करतो, आणि घरमालकीण व तिच्या मुली त्या वेळात आपल्याला त्रास द्यायला येत नाहीत. त्याच लेखात तो दुसऱ्या एका व्यायामाचेही सांगतो: दोन्ही हातांत एकेक आखूड काठी घ्यायची, तिच्या दोन्ही टोकांना शिसे भरलेले, आणि आपल्याच सावलीशी लढायचे. आज आपण ज्याला डंबेल म्हणतो ती वस्तू या आखूड काठीसारखी. नाव मात्र तिला मिळाले घंटेचे. हा अ‍ॅडिसन म्हणजे इंग्रजीतल्या हलक्याफुलक्या निबंधाचा आद्य पुरुष. तेव्हा खुसखुशीत लिहिणाऱ्याचा आणि वजन उचलण्याचा संबंध तीनशे वर्षांचा आहे, हे आमच्या घरी मी मुद्दाम वाचून दाखवले. "त्याच्या मालकिणीने त्रास दिला नसेल, कारण तो भाडे वेळेवर देत असेल," असा अभिप्राय पडला.

आपल्याकडे याच्या किती तरी आधीपासून तालमी होत्याच. जोर, बैठका, मुद्गल, करेल. गावच्या मारुतीपुढे एखादी दगडी गोटी पडलेली असे आणि ती खांद्यावर घेऊन दाखवील त्याला गावात मान असे. दुसऱ्या बाजीरावाचे वस्ताद बाळंभटदादा देवधर यांनी तर जमिनीत एक खांब पुरून सगळा व्यायाम त्या खांबावरच आणला. वजन उचलण्यापेक्षा स्वतःलाच उचलणे बरे, हा मल्लखांबाचा विचार मला आजही पटतो. फक्त तो साठीत सुरू करण्यासारखा नाही. या सगळ्या व्यायामांची नोंद पुढे बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'च्या दहा खंडांत केली. दहाही खंड एकदम उचलले, तर निराळ्या साधनाची गरजच पडू नये. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले, आणि १९३६च्या ऑलिंपिकच्या वेळी तिथली मंडळी आपले व्यायाम दाखवायला थेट बर्लिनला जाऊन आली.

पण व्यायामाची देवाणघेवाण त्याआधीच सुरू झाली होती. आपले मुद्गल गोऱ्या अंमलदारांना इतके आवडले, की ते विलायतेला गेले. १८३४ साली डोनाल्ड वॉकरच्या व्यायामाच्या पुस्तकात 'इंडियन क्लब' म्हणून ते मानाने बसलेले दिसतात. मुद्गल तिकडे गेले आणि डंबेल्स इकडे आले. हा सौदा कोणी ठरवून केला नाही, पण मला तो बरोबरीचा वाटतो.

डंबेल्स इकडे आले ते आधी शाळेत. माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, आमच्या मराठी शाळेत कवायतीला लाकडी डंबेल्स असत. रंग उडालेले, एकाची गाठ दुसऱ्यापेक्षा मोठी. ते एकमेकांवर आपटून टक्-टक् असा ताल धरायचा. इंग्रजांची मुकी घंटा आमच्या शाळेने अशी बोलती केली. आणि दुसरे साधन होते घुंगुरकाठी. एक सरळ काठी, दोन्ही टोकांना घुंगरू, दोन्ही हातांनी धरायची आणि वर-खाली, पुढे-मागे न्यायची. आज विचार करताना माझ्या लक्षात येते, की ही घुंगुरकाठी म्हणजे आमचा बारबेलच की! वजन तेवढे नव्हते. म्हणजे डंबेल्स की बारबेल हा प्रश्न चौथीच्या वर्गातच माझ्यासमोर येऊन गेला होता. तेव्हा निवड करायची वेळ आली नाही, कारण जे कपाटात शिल्लक असेल ते गुरुजी हातात देत.

मोठ्यांच्या डंबेल्सना घराघरांत नेले ते युजीन सँडोने. हा १८६७ साली कोनिग्सबर्गला जन्मला, लंडनमध्ये गाजला. १९०१ साली त्याने तिथल्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची स्पर्धा घेतली, तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल होते. पुढे १९०४-०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याचे डंबेल्स गमतीचे होते. एका डंबेलचे उभे दोन भाग, मध्ये स्प्रिंगा. मुठीने ते भाग एकमेकांवर दाबून धरायचे आणि मग हात हलवायचा. वजन थोडे, पण लक्ष सगळे हातात. आज त्या डंबेल्सचे नाव कोणाला ठाऊक नाही. सँडोचे नाव मात्र आपण बनियनला देऊन ठेवले आहे. या देशात सकाळी सँडो घालून ओट्यावर दात घासणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी आयुष्यात वजन उचलले असेल. एखाद्या पैलवानाच्या नावाची अशी परवड दुसरी नसेल.

आता बारबेल. आधी या दांड्याच्या दोन टोकांना लोखंडी गोळे असत. गोळा भरीव असला तर वजन वाढवायची सोयच नाही, पोकळ असला तर आत वाळू किंवा शिशाच्या गोळ्या भरायच्या. १९०२ साली फिलाडेल्फियाच्या अ‍ॅलन कॅल्व्हर्टने वजन वाढवता येईल असा बारबेल विकायला काढला आणि कंपनीला नाव दिले मायलो. हा मायलो प्राचीन ग्रीक मल्ल. त्याने म्हणे एक वासरू रोज उचलायला सुरुवात केली. वासरू वाढत गेले, याची ताकद वाढत गेली, आणि शेवटी तो अख्खा बैल उचलू लागला. वजनाच्या व्यायामाचे सगळे शास्त्र या गोष्टीत आहे: रोज थोडे, आणि अधूनमधून थोडे जास्त. वासराच्या आईचे मत नोंदलेले नाही. पुढे जर्मनीच्या कास्पर बर्गने चकत्यांसकट टोके फिरतील असा दांडा केला आणि १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकपर्यंत तो पोहोचला. आज स्पर्धेत पुरुषांचा दांडा २० किलोचा आणि २.२० मीटर लांबीचा असतो, बायकांचा १५ किलोचा आणि २.०१ मीटरचा.

पण मला खरी गंमत सापडली ती १८९६च्या अथेन्समध्ये. पहिल्या ऑलिंपिकमध्ये वजन उचलण्याच्या स्पर्धा दोन होत्या: एक दोन्ही हातांची आणि एक एकाच हाताची. दोन्ही हातांनी डेन्मार्कच्या व्हिगो येन्सनने आणि इंग्लंडकडून उतरलेल्या लॉन्सेस्टन एलियटने सारखेच, १११.५ किलो उचलले. येन्सनने जास्त सफाईने उचलले म्हणून पहिला नंबर त्याला दिला. मग एका हाताची पाळी आली. एलियटने ७१ किलो उचलले, येन्सन ५७ वर थांबला. तीच दोन माणसे, तेच मैदान. दोन हातांचा राजा निराळा, एका हाताचा निराळा. १९०४ला सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये खास डंबेल्सची स्पर्धाही झाली, आणि त्याच वेळी मुद्गल फिरवण्याचीसुद्धा. पण १९२४नंतर एका हाताचे प्रकार बंद झाले. १९२८पासून ऑलिंपिकमध्ये उरला तो दोन हातांचा बारबेल.

इथे मास्तराचे डोके जागे झाले. हा वाद लोखंडाचा नाही, हातांचा आहे. बारबेल म्हणजे एकत्र कुटुंब. दोन हात एका दांड्याला बांधलेले. त्यात उजवा थोडे जास्त ओढतो, डावा थोडे कमी. बाहेरून पाहणाऱ्याला दांडा आडवा दिसला म्हणजे झाले. म्हणूनच दोन डंबेल्स मिळून जेवढे उचलता येते, त्यापेक्षा बारबेलवर बहुतेकांना जास्त जमते. डंबेल्स म्हणजे वाटण्या झालेली घरे. ज्याची चूल त्याची. डाव्याला काय झेपते, हे डाव्यालाच सांगावे लागते; तिथे मोठ्या भावाच्या नावावर खपून जात नाही.

एकत्र कुटुंबाचे वैभव मोठे, हे मला मान्य आहे. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्यपदक आणले. वडिलांची सांगलीत पानाची टपरी, आणि पोराच्या डोक्यावर १३५ किलो. असे काही डंबेल्सनी व्हायचे नाही. पण त्याच स्पर्धेत पुढचे वजन घेताना त्याचा उजवा कोपर दुखावला. डावा हात धडधाकट होता. त्याचा काय उपयोग? दांडा एक होता. सोन्याचे पदक मलेशियाच्या खेळाडूने २४९ किलोवर नेले. एका किलोचा फरक, आणि एका कोपराचा. गळ्यात अडकवलेला हात घेऊन पदक स्वीकारणारा तो पोरगा आठवला की माझा डावा खांदा आपोआप मी चाचपतो.

इतिहास झाल्यावर भूगोल पाहिला. आमची खोली दहा बाय दहा. सात फुटांचा दांडा, त्याच्या दोन्ही बाजूंना चकत्या चढवा-उतरवायला जागा. म्हणजे एका टोकाशी देव्हारा आणि दुसऱ्या टोकाशी टीव्ही. कोणाला धक्का लागला तर घरात जास्त बोलणी बसतील, हे मी इथे लिहीत नाही. शिवाय बारबेलला बाक हवा, दांडा ठेवायला घोडी हवी, आणि उताणे निजून उचलायचे तर शेजारी एक माणूस हवा. डंबेल्स जड झाले तर दोन बाजूंना दोन सोडून देता येतात. बारबेल जड झाला तर तो दूरच्या नातेवाइकासारखा छातीवर येऊन बसतो आणि उठत नाही. एकट्या माणसाने घरी तो प्रयोग करू नये, हे सगळेच जाणकार सांगतात. शेजारी उभे राहायला आमच्या घरात एकच माणूस. आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली, की ते माणूस तिथे राहणार नाही.

अशा विचारात एक दिवस ओट्यावर बसलो होतो. समोरच्या पाड्यावरचे एक गृहस्थ आले. दर वर्षी पाऊस संपला की ते घरदार घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जातात. आमच्या भागातून अशी किती तरी कुटुंबे जातात. दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. मी त्यांना माझा प्रश्न सांगितला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, ते उचलून कुठं न्यायचं?"

"कुठंच नाही. पुन्हा खाली ठेवायचं."

"मग उचलायचं कशाला?"

तालमी, ज्ञानकोश, सँडो आणि अ‍ॅडिसन यांच्यापैकी एकालाही याचे उत्तर सुचले नसते. ज्याला पोटासाठी वजन उचलावे लागते त्याला वजन हे औषध वाटत नाही. व्यायाम ही बसून खाणाऱ्यांची गरज आहे, हे लाजण्यासारखे नसले तरी विसरण्यासारखेही नाही. मी त्यांना माझा डावा हात दाखवला. दोन्ही दंड त्यांनी आलटून पालटून दाबून पाहिले, जनावराच्या बाजारात पाहतात तसे. "हा झोपला आहे," डाव्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "याला वेगळं काम द्या. त्याच्याबरोबर दिलं तर हा उठणार नाही."

ज्या निकालाला मी तीनशे वर्षांचा इतिहास फिरून आलो, तो त्यांनी दोन दंड दाबून दिला.

त्याच फाल्गुनात आमच्या गावची होळी झाली. काठी संस्थानची ही राजवाडी होळी. १२४६ सालापासून चालत आली आहे, अशी परंपरा सांगतात. होळीचा बांबू गुजरातच्या जंगलातून आणतात, चांगला साठ-सत्तर फूट उंचीचा. त्याच्यासाठीचा खड्डाही कुदळ-फावड्याविना खणतात. रात्रभर ढोल, बासऱ्या, कमरेला घुंगरू बांधून नाचणारे बावा-बुध्या, आणि पहाटेच्या सुमारास होळी पेटते. तो बांबू उभा राहताना मी दरवर्षी पाहतो. किती हात लागतात, त्याची मोजदाद नाही. कोणाचा हात उजवा, कोणाचा डावा, कोणाचा म्हातारा, कोणाचा पोरसवदा. आणि तो लांबच लांब दांडा हळूहळू आभाळाकडे जातो. या गर्दीत दुबळा हात कुठला ते कोणी शोधत नाही. शोधायची गरजही नसते, कारण ते काम सगळ्यांचे आहे. बारबेल पाहायचा तर असा. दहा बाय दहाच्या खोलीत तो एकट्याने आणण्यात अर्थ नाही.

तेव्हा मी डंबेल्स घेतले. चकत्या बदलता येतील अशी एक जोडी, धुळ्याहून. येताना गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या उतारूने सभ्यपणे विचारले, "काका, पिशवी वर ठेवून देऊ का?" आणि हात घातल्यावर त्याचा चेहरा जो बदलला, त्याने माझा निम्मा खर्च वसूल झाला.

सुरुवात दोन किलोंनी केली, आज चारवर आहे. डॉक्टरांनी एक नियम घालून दिला आहे, तो कोणालाही उपयोगी पडेल: आधी दुबळ्या हाताने उचलायचे, तो जितक्यांदा उचलील तितक्यांदाच दुसऱ्याने उचलायचे, एकही जास्त नाही. उजव्याला हे पहिल्यांदा फार अपमानाचे वाटले. तो दहाव्या वेळेसाठी तयार असतो. त्याला थांबवून ठेवावे लागते. पण डाव्याच्या सहाच्या आठ झाल्या, आठाच्या अकरा झाल्या, आणि गेल्या महिन्यात विहिरीवरून अर्धी नव्हे, पाऊण बादली त्याने एकट्याने आणली. वाटेत थोडे सांडले. ते मोजायचे नाही असे ठरले आहे.

जोडीबरोबर पाच-पाच किलोंच्या दोन चकत्याही आल्या होत्या. माझी त्यांच्यापर्यंत मजल अजून गेलेली नाही. चैत्रात कैरीचे लोणचे घातले तेव्हा सौभाग्यवतींनी बरणीला दादरा बांधला आणि दडपण म्हणून त्या दोन्ही चकत्या वर ठेवून दिल्या. सध्या आमच्या घरातला सगळ्यात जड व्यायाम कैरी करते आहे, आणि तिची प्रकृती उत्तम आहे.